जीवाश्म इतके दुर्मीळ का असतात?

रानात एखादे हरीण मेले की त्याच्या देहाचा फडशा पडायला फार दिवस लागत नाहीत. श्वापदे लचके तोडतात, किडे आणि जीवाणू उरलेसुरले संपवतात आणि उघड्यावरची हाडे ऊनपावसाने तडकून हळूहळू मातीला मिळतात. जवळजवळ प्रत्येक जीवाचा शेवट असाच होत आला आहे.

जीवाश्म बनायचा असेल, तर देह कुजून विखुरण्याआधी तो गाळाखाली किंवा ज्वालामुखीच्या राखेखाली गाडला जावा लागतो. प्राणवायू पोहोचत नाही तेथे कुजणे मंदावते. पुढे थरांवर थर साचून त्या गाळाचा खडक होत असताना झिरपणारे भूजल आपल्यात विरघळलेली सिलिका किंवा कॅल्साइटसारखी खनिजे हाडाच्या सूक्ष्म पोकळ्यांत सोडत जाते. डायनोसॉरच्या हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर ज्यांतून एके काळी रक्त वाहत होते त्या नळ्या खनिजांनी भरलेल्या दिसतात आणि काही हाडांत झाडाच्या खोडासारखी वाढीची वलयेही मोजता येतात. इतक्या काळानंतर एका प्राण्याचे मृत्यूसमयीचे वय अजमावता यावे, हे मला आजही थक्क करते.

ही संधी सर्वांना सारखी मिळत नाही. उथळ समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या शिंपल्यांचे जीवाश्म विपुल सापडतात. जेलीफिशसारख्या मऊ देहाच्या जीवांचे मात्र क्वचितच. जर्मनीतील झोल्नहोफेन येथे चुनखडीच्या अतिशय बारीक चिखलात आर्किऑप्टेरिक्स या पक्ष्यासारख्या डायनोसॉरच्या पिसांचे ठसेही सुमारे १५ कोटी वर्षे टिकले, पण अशी ठिकाणे जगात मोजकीच आहेत.

शिवाय, बनलेले जीवाश्मही सुरक्षित नसतात. उष्णता आणि दाब खडकाचे रूप पालटतात, तर समुद्रतळ भूपट्टांच्या हालचालींत पृथ्वीच्या पोटात ओढला जातो. जे यातून वाचतात, त्यांच्यावरचा खडक झिजून ते उघडे पडावे लागतात, आणि तीच झीज त्यांचाही चुरा करण्याआधी कोणा जाणकाराची नजर तेथे पोहोचावी लागते.

ही नोंद किती तुटक असू शकते, हे सीलकँथ माशाने दाखवून दिले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीनंतरच्या खडकांत त्याचा मागमूस नव्हता, म्हणून तो नामशेष झाल्याचे मानले जात होते. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एका मासेमारी जहाजाच्या जाळ्यात तो जिवंत सापडला.