इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद : मराठवाड्यातील रुग्णालयांच्या अडचणी

इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद (ईएचआर) म्हणजे रुग्णाची तपासणी, निदान, औषधे, चाचण्यांचे निकाल आणि डिस्चार्जचा गोषवारा संगणकावर एकत्र ठेवून एका दवाखान्यातले दुसऱ्या दवाखान्याला पाहता येईल, अशी व्यवस्था. केसपेपर काढणे आणि बिल करणे यासाठी रुग्णालयात जे सॉफ्टवेअर (एचएमआयएस) असते, त्यालाही बोलताना हेच नाव दिले जाते. ते चुकीचे आहे. खिडकीवर संगणक बसला म्हणजे नोंदी इलेक्ट्रॉनिक झाल्या असे नाही, आणि बहुतेक तक्रारींची सुरुवात या गल्लतीपासूनच होते.

भारत सरकारने ईएचआरची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. अशा नोंदी देशभर जोडण्यासाठीचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झाले. त्यात रुग्णाला १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य नोंदींसाठीचा ओळख क्रमांक, मिळतो. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’, अंबाजोगाई, नांदेड व लातूर इथली मोठी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तर जिल्हा रुग्णालयांपासून प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंतची बरीचशी साखळी सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहे. रुग्ण मात्र एकच असतो. ग्रामीण रुग्णालयातून घाटीला पाठवलेल्या माणसाबरोबर सहसा रेफरची चिठ्ठीच जाते. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत दीर्घकाळ चाललेली एचएमआयएस २०२२ च्या मध्याला बंद झाली, तेव्हा केसपेपर पुन्हा हाताने लिहिण्याची वेळ आली. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची (एनआयसी) ई-हॉस्पिटल प्रणाली आणली गेली. जुन्या प्रणालीतल्या नोंदी नव्या प्रणालीत आपोआप येत नाहीत, हे अशा वेळी कळते.

सगळ्यात चिवट अडचण नावाची आहे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव इंग्रजीत एक कारकून डी-एन-वाय असे सुरू करतो, दुसरा जी-वाय असे. संगणकाच्या लेखी ही दोन माणसे. मराठवाड्यात ‘शेख रफीक शेख उस्मान’ असे नाव सांगण्याची रीत आहे. सॉफ्टवेअरमध्ये चौकटी तीन : नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आज ‘शेख’ पहिल्या चौकटीत जाते, पुढच्या खेपेला शेवटच्या. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. तिच्या आधारवर कधी माहेरचे आडनाव असते, कधी सासरचे. म्हातारी माणसे वय सांगताना पोलीस ॲक्शन, बहात्तरचा दुष्काळ किंवा किल्लारीचा भूकंप यांचा दाखला देतात, आणि खिडकीवरचा माणूस त्यातून एक साल काढून १ जानेवारी ही जन्मतारीख टाकतो. मागे रांग वाढत असते, त्यामुळे जुनी नोंद शोधण्यापेक्षा नवी काढणे सोपे. आभा क्रमांकाने हा घोळ मिटावा अशी अपेक्षा आहे. पण तो आधारवरून काढताना ओटीपी जोडलेल्या मोबाईलवर येतो. फोन मुलाचा, आणि मुलगा चाकणला कंपनीत. त्याला फोन लावून, आकडे विचारून घेईपर्यंत ओटीपीची मुदत संपते.

दुसरी अडचण दुहेरी कामाची. वॉर्डातल्या सिस्टरने ताप, बीपी, दिलेली औषधे आधी इंडोर पेपरवर (दाखल रुग्णाच्या केसपेपरवर) लिहायची, मग रजिस्टरमध्ये, मग जमेल तेव्हा संगणकावर. क्षयरोगाचा रुग्ण असेल तर ‘निक्षय’ पोर्टल वेगळे, गरोदर मातेसाठी आरसीएच वेगळे, साथीच्या आजारांसाठी आयएचआयपी वेगळे. प्रत्येकाचा पासवर्ड निराळा. कागद सोडता येत नाही, कारण चौकशी लागली किंवा पोलीस केस झाली की मागतात तो सहीचा कागदच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी ३ वर्षे जपायच्या आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. नोंदी संगणकावर घेण्याचा प्रयत्न करावा असेही त्याच नियमांत म्हटले आहे. जोवर खरा मानला जाणारा कागद हाताने लिहिलेला आहे, तोवर संगणकावरचे टायपिंग हे वरकाम राहणार, आणि वरकाम रात्रपाळी संपताना एकदम उरकले जाते. डॉक्टर संगणकाला विरोध करतात, हे कारण त्यामानाने वाढवून सांगितले जाते.

वीज, नेटवर्क आणि ‘सर्व्हर डाउन’ यांच्या तक्रारी खऱ्याच आहेत, पण त्या सगळ्या महाराष्ट्रात सारख्या आहेत. दहा-वीस खाटांच्या खासगी दवाखान्यांत संगणक आला तो बिलासाठी आणि योजनांच्या क्लेमसाठी. राजीव गांधी जीवनदायी योजना (आताची महात्मा फुले जन आरोग्य योजना) २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मराठवाड्यातले नांदेड होते. मंजुरी ऑनलाइन घ्यायची असल्याने कागद स्कॅन करून चढवण्याची सवय लागली. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्यातून गेल्या वर्षीची साखर किती होती हे संगणकाला सांगता येत नाही.

ऊसतोड कामगारांचा प्रश्न मराठवाड्याचा स्वतःचा आहे. बीडसह अनेक जिल्ह्यांतली कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. गरोदर बाईची पहिली तपासणी गावच्या उपकेंद्रात, पुढची कारखान्याजवळच्या एखाद्या दवाखान्यात, बाळंतपण तिसरीकडे. कागद कोपीतल्या (ऊसतोडीच्या झोपडीतल्या) पत्र्याच्या पेटीत, भिजले तर गेले. फिरत्या नोंदीची सर्वाधिक गरज जिला आहे, तिलाच ती मिळत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यात पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा कोणत्याही प्रणालीत एका जागी तयार नव्हता. बायकांना विचारून तो मिळवावा लागला. डिजिटल मिशनमध्ये नोंदणी करणे खासगी दवाखान्यांना आजही ऐच्छिक आहे.