धक्क्याला आधी कोण लागणार?

न्हावा-शेव्याच्या भारत मुंबई कंटेनर टर्मिनलचा धक्का दुसऱ्या टप्प्यानंतर २००० मीटर झाला. एवढ्या लांबीवर जागेची मारामार कसली, असे वाटेल. पण एखादे जहाज जरा मधोमध लागले आणि त्याच्या दोन्ही अंगांना पावणेदोनशे मीटर उरले, की साडेतीनशे मीटर धक्का मोकळा असूनही ३०० मीटरचे जहाज बाहेर नांगर टाकून बसते. गल्लीत दोन गाड्यांच्या जागेत कुणी आपली एकच गाडी मधोमध लावावी, तसेच.

जागेपेक्षा क्रमाचा गुंता मोठा. समजा, बर्थ, म्हणजे धक्क्यावर जहाज लावायची जागा, एकच मोकळी आहे. मोठ्या जहाजाचे ४००० कंटेनर हलवायचे आहेत. एक क्रेन तासाला २८ कंटेनर उचलते असे धरले, तर सहा क्रेन लावून २४ तास लागतील. छोट्या फीडरचे, म्हणजे मोठ्या बंदरांपर्यंत माल ने-आण करणाऱ्या लहान जहाजाचे, ५०० कंटेनर तीन क्रेन सहा तासांत उरकतील. मोठे आधी घेतले तर फीडर २४ तास ताटकळतो, फीडर आधी घेतला तर मोठे फक्त सहा तास. म्हणजे फीडर आधी? जहाजे मोजली तर हो. कंटेनर मोजले, तर पहिल्या क्रमात ५०० गुणिले २४, म्हणजे १२,००० कंटेनर-तास वाया जातात आणि दुसऱ्यात ४००० गुणिले ६, म्हणजे २४,०००. उत्तर उलटे!

त्यात भरती. मोठे जहाज पाण्यात खोल बसलेले असेल, तर भरतीच्या पाण्यावरच ते खाडीत घेता येते. सहा तासांत ती भरती ओसरते. पुढची सुमारे साडेबारा तासांनी, त्यामुळे सहाचे साडेबारा होतात आणि २४,००० चा आकडा ५०,००० वर जातो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी मुळातच कमी चढते, तेव्हा आत घेण्याची ही वेळ आणखी अपुरी.

म्हणून जहाजांचा क्रम लावणारे चांगले सॉफ्टवेअर एकच 'सर्वोत्तम' वेळापत्रक देत नाही. एका निकषात सुधारणा केली की दुसरा बिघडतोच, अशी चार-पाच वेळापत्रके ते समोर ठेवते. निवड नियोजकाची.

इंधनाचा निकषही आता त्यात आला आहे. बर्थ उशिरा मिळणार हे आधी कळले, तर १८ नॉटऐवजी (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) १५ नॉटने येता येते. ४८ तासांच्या वाटेला साडेसत्तावन्न तास लागतात, पण मुख्य इंजिनाचे इंधन ढोबळमानाने ३० टक्के वाचते. मात्र त्यासाठी बर्थची वेळ दोन दिवस आधी पक्की हवी. ती पाळायची तर दोन जहाजांमध्ये काही तास राखीव ठेवावे लागतात, आणि तेवढा वेळ क्रेन नुसत्या उभ्या राहतात.