पोकेमॉन जीवाश्म संग्रहालय

पोकेमॉन जीवाश्म संग्रहालय : व्हिडिओ गेममधले काल्पनिक प्राणी आणि ज्यांच्यावरून ते सुचले ते खरे प्रागैतिहासिक जीव शेजारी शेजारी मांडणारे जपानी फिरते प्रदर्शन. नावात संग्रहालय असले तरी त्याला स्वतःची इमारत नाही. एका संग्रहालयातून दुसऱ्यात ते मुक्कामाला जाते. पहिला मुक्काम जुलै २०२१ मध्ये होक्काइदो बेटावरच्या मिकासा शहरात पडला. मिकासा हे एके काळचे कोळसा-खाणींचे गाव, आणि तिथल्या संग्रहालयाची ओळख अमोनाइटांच्या, म्हणजे वळणदार शंखाच्या नामशेष समुद्री जीवांच्या, संग्रहामुळे. २०२२ मध्ये प्रदर्शन टोकियोच्या राष्ट्रीय निसर्ग व विज्ञान संग्रहालयात आले. जपानबाहेरच्या पहिल्या मुक्कामासाठी शिकागोचे फील्ड म्युझियम निवडले गेले आणि त्यासाठी २२ मे २०२६ ही तारीख ठरली.

पोकेमॉनचा पहिला खेळ फेब्रुवारी १९९६ मध्ये गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी आला. त्यात डोंगराच्या गुहेत दोन जीवाश्म पडलेले दिसतात आणि त्यांतला एकच उचलता येतो : एकातून ओमानाइट निघतो, दुसऱ्यातून काबुतो. दगड प्रयोगशाळेत नेऊन दिला की आतला प्राणी जिवंत होऊन हाती येतो. खऱ्या जीवाश्माचे तसे नसते. हाडाची किंवा शंखाची जागा बहुधा खनिजांनी घेतलेली असते. उरतो तो आकार. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गाळातला आहे आणि त्याचे वय सुमारे २० लाख वर्षे. डायनासोर जाऊन तर ६ कोटी ६० लाख वर्षे झाली.

प्रदर्शनाची रीत सोपी आहे. खेळातला प्राणी आणि खरा जीव समोरासमोर ठेवायचे आणि पाहणाऱ्याला दोघांतली साम्ये व फरक शोधायला लावायचे. टायरॅनट्रम या पोकेमॉनचा चक्क हाडांचा सांगाडा घडवून तो टायरॅनोसॉरस या डायनासोरच्या जोडीला उभा केला आहे. खेळातली त्याची उंची २.५ मीटर, शिकागोचा ‘स्यू’ नावाचा टायरॅनोसॉरस १२ मीटरांहून लांब. पण मोजमापापेक्षा फरकाची जागा महत्त्वाची. लिलीप हा पोकेमॉन खेळात ‘गवत’ गटात मोडतो. तो ज्याच्यावरून सुचला ती समुद्रकमळे देठावर डुलत असली तरी वनस्पती नव्हेत. तारामाशाच्या नात्यातले ते प्राणी आहेत आणि आजही खोल समुद्रात जगतात. खेळात जिला उत्क्रांती म्हणतात ती एकाच प्राण्याच्या आयुष्यात, क्षणात होते. खरे तर ते सुरवंटाचे फुलपाखरू व्हावे तसे रूपांतर झाले. उत्क्रांती पिढ्यान्‌पिढ्यांची असते, आणि हा गैरसमज मुलांच्या मनातून काढायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या वाचकाला या प्रदर्शनातली सर्वांत जवळची जोडी ओमानाइट आणि अमोनाइटची, कारण अमोनाइट त्याच्या देवघरात असू शकतो. बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या घरांत ताम्हनात तुळशीच्या पानाखाली शाळिग्राम असतो; कार्तिकात तुळशीचे लग्न लागते ते त्याच्याशीच. काळा, तेलकट गुळगुळीत गोटा. छिद्रातून आत पाहिले तर वळसा दिसतो, आणि फुटलेल्या बाजूवरून बोट फिरवले तर एकसारखे कंगोरे लागतात. ज्याला आपण चक्र म्हणतो ते या जीवाच्या शंखाचे वळसे. शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीच्या पात्रात मिळतात. त्यांतले जीव सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे, हिमालयाच्या जागी टेथिस समुद्र होता तेव्हाचे.

अमोनाइट दिसायला गोगलगायीसारखा, पण नाते माकुळाशी. शंखाच्या आत पडदे घालून कप्पे पाडलेले असत. प्राणी राही तो फक्त शेवटच्या, तोंडाकडच्या कप्प्यात. मागच्या रिकाम्या कप्प्यांतून एक बारीक नळी जाई. तिच्यातून पाणी काढून घेतले की कप्प्यांत वायू भरे आणि जड शंख घेऊन तो पाण्यात तरंगू शके. खेळात ओमानाइटचे मोठे रूप असलेल्या ओमास्टारविषयी सांगितले जाते की शंख फार जड झाल्याने त्याला शिकार पकडता येईना आणि तो संपला. खरे अमोनाइट शंखाच्या ओझ्याने गेले नाहीत. क्रेटेशियस कालखंडाच्या अखेरीस, पक्षी सोडून बाकीचे डायनासोर संपले त्याच महासंहारात तेही संपले. मेक्सिकोतल्या चिक्शुलुब येथे आदळलेला लघुग्रह हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. दख्खनच्या लाव्ह्याचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. हा लाव्हा त्याच सुमारास लाखो चौरस किलोमीटरांवर पसरला आणि त्याची दक्षिणेकडची कड बेळगाव जिल्ह्यात येते. ज्या जीवाची देवघरात पूजा होते त्याचे कुळ नाहीसे झाले त्या काळातला दगड इथल्या घराच्या पायात बसलेला असतो.

प्रदर्शनातला आणखी एक धागा चुकांचा आहे. २०१९ च्या खेळात ड्रॅकोझोल्टसारखे पोकेमॉन दोन वेगळ्या प्राण्यांचे अर्धे भाग चुकीचे जोडून तयार होतात. विज्ञानातही असे घडले आहे. इग्वानोडॉन या डायनासोरच्या अंगठ्याचे हाड आधी नाकावरचे शिंग म्हणून बसवले गेले, आणि अॅनोमॅलोकॅरिस या प्राचीन समुद्री प्राण्याचे तोंड कित्येक वर्षे स्वतंत्र जेलीफिश समजले जात होते.

सीमाभागात असे प्रदर्शन मांडायचे तर जोडीला काय ठेवायचे? इथे डायनासोर शोधणाऱ्याची बहुतेक निराशाच होते, आणि तिचे कारण खडकात आहे. काळा पाषाण वितळलेल्या लाव्ह्याचा. त्यात हाडे टिकत नाहीत, टिकलीच तर दोन थरांमधल्या गाळात. गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरून कोसळतो तो इतका जुना, की तेव्हा पृथ्वीवर हाडांचा प्राणीच नव्हता. खानापूरकडचा जांभा खडकाची झीज होऊन झालेला. उरतो नदी-ओढ्यांच्या काठचा गाळ. आणि त्याने दिले आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रॉबर्ट ब्रूस फूट यांना गोकाकजवळ अशाच गाळात गेंड्याचे अवशेष मिळाले. १८७४ मध्ये त्यांनी त्यांचे वर्णन ‘ऱ्हायनोसेरस डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा गेंडा, या नावाने प्रसिद्ध केले. भारतातला पहिला पुराश्मयुगीन हत्यार-शोध १८६३ मध्ये मद्रासजवळच्या पल्लावरम येथे लावणारे हेच फूट. दक्षिण मराठा मुलुखाच्या भूरचनेवरचा त्यांचा ग्रंथ १८७६ चा. आज रानातला गेंडा पाहायचा तर आसामसारख्या दूरच्या भागात जावे लागते, पण एके काळी तो घटप्रभेच्या खोऱ्यात चरत होता. हे बेळगावच्या प्रत्येक शाळेत सांगितले जायला हवे.

पहिल्या खेळातच रायहॉर्न नावाचा गेंड्यासारखा पोकेमॉन आहे : उंची १ मीटर, वजन ११५ किलो, अंगावर दगडी कवच. तो जीवाश्म-पोकेमॉनांत मोजला जात नाही. गोकाकच्या गेंड्याशेजारी मात्र तोच शोभेल. रायहॉर्नच्या अंगावरचा दगड आणि भारतीय गेंड्याच्या जाड कातडीच्या चिलखतासारख्या घड्या समोरासमोर आल्या, की साम्य कुठे संपते ते मुले आपणहून बोटाने दाखवतील.