मेटहिमोग्लोबिनीमिया (औषधे व विषे यांमुळे होणारा)

रक्तातील हिमोग्लोबिनचे लोह फेरस अवस्थेतून फेरिक (ऑक्सिडीकरण झालेल्या) अवस्थेत गेल्याने उद्भवणारा विकार. फेरिक लोहाला प्राणवायू धरता येत नाही. शिवाय शेजारचे चांगले हिमोग्लोबिनही आपल्याजवळचा प्राणवायू ऊतींना सहजी सोडत नाही. निरोगी माणसात असे बिघडलेले हिमोग्लोबिन १ टक्क्याच्या आसपास असते, कारण तांबड्या पेशींतले एक विकर (एन्झाइम) ते सतत पूर्ववत करत राहते. ओठ आणि नखे निळसर पडणे ही पहिली खूण. प्रमाण ७० टक्क्यांवर गेले की रोगी सहसा वाचत नाही.

औषधांत मुख्य नाव डॅप्सोनचे. कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारातले हे औषध शरीरात बराच काळ टिकते. म्हणून जादा मात्रा पोटात गेलेला रोगी सुधारला, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडू शकतो. बधिरतेसाठी वापरले जाणारे बेंझोकेन व प्रिलोकेन आणि हिवतापावरचे प्रिमाक्विन यांनीही हा विकार होतो. विषांमध्ये ॲनिलीन, नायट्राइट आणि इंडोक्साकार्ब हे कीटकनाशक येते. फुलोरा वाढावा म्हणून पिकावर फवारले जाणारे नायट्रोबेंझिन तर ‘टॉनिक’ म्हणून घरात येते आणि निरुपद्रवी वाटते. ते जहाल विष आहे. मुलांच्या हाती लागेल असे ठेवूच नये.

निदानात फसगत होते ती बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरमुळे. विकार कितीही बळावला तरी त्यावरचा आकडा ८५ टक्क्यांच्या आसपास अडकून राहतो आणि प्राणवायू लावूनही हलत नाही. अशा वेळी रक्ताचा एक थेंब पांढऱ्या गाळणकागदावर टाकून पाहावा. साधे काळपट रक्त हवेत लाल होते, हे मात्र चॉकलेटी ते चॉकलेटीच राहते. नेमके प्रमाण को-ऑक्सिमीटरने, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या यंत्राने, कळते.

उतारा मिथिलिन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा : वजनाच्या दर किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून, पाच मिनिटांत. तांबड्या पेशींतल्या जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना तो देत नाहीत, कारण त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.

तान्ह्या बाळांत दुरुस्ती करणारे विकर कमी असते. अमेरिकेतील आयोवात विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधाने बाळे निळी पडत असल्याचे हंटर कॉमली यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले. दोष पाण्यातल्या नायट्रेटचा होता; शरीरात त्याचे नायट्राइट बनते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.