म्हाताऱ्या पाळीव जनावरांसाठी घराची रचना (कोकण)

वय झालेल्या कुत्र्या-मांजरांना न घसरता, कोरड्या आणि सुरक्षित जागी वावरता यावे म्हणून घरात केलेले बदल. मोठ्या चणीचा कुत्रा ६-७ वर्षांतच उतरणीला लागतो, लहान चणीचा ९-१० व्या वर्षी. मांजर साधारण ११ वर्षांनंतर म्हातारे धरतात. जनावर उठायला वेळ लावू लागले, पायरीशी थबकू लागले की 'म्हातारं झालंय, चालायचंच' असे म्हणून सोडून देतात. पुष्कळदा ती सांधेदुखी असते आणि तिच्यावर उपचार असतात.

कोकणात या दुखण्यात ओलीची भर पडते. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी २,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. कमजोर मागचे पाय तिथे फाकतात. एकदा आपटलेला कुत्रा पुढे ती पायरी चढायलाच कचरतो. शेवाळ ब्लीचिंग पावडरने घासले, तर पायऱ्या स्वच्छ धुऊन होईपर्यंत त्याला तिकडे सोडू नये. पंजे चाटताना पावडर पोटात जाते. सारवलेल्या जमिनीवर पाय ठरतो, नव्या घरांतल्या गुळगुळीत टाइलवर ठरत नाही. म्हणून झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत काथ्याची चटई किंवा गोणपाट सलग अंथरावे. मध्ये टाइल उघडी राहिली तर नेमका तिथेच पाय सुटतो. चालणे कमी झाले की नखे झिजत नाहीत; ती वेळच्या वेळी कापावीत.

बिछाना पडवीच्या कडेला नसावा, तिथे पावसाची झड येते. जमिनीपासून चार बोटे उंच फळी आणि आलटून पालटून सुकवता येतील अशा दोन गोधड्या पुरतात. रात्री मात्र कुत्र्याला घरातच घ्यावे. वस्तीत शिरणारा बिबट्या कुत्रा उचलतो, आणि कान मंदावलेल्या, बांधलेल्या जनावराला पळायलाही वाव नसतो. दाराजवळचे चिऱ्यांचे ढीग आणि पालापाचोळा हलवावा, त्यात फुरसे हा विषारी साप दडतो.

दृष्टी अधू झालेले जनावर सवयीने वाट काढते. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा तर हेच त्याला तारते, म्हणून सामानाची जागा उगाच बदलू नये. मे महिन्यात दमट हवेमुळे कुत्र्याला धापा टाकूनही अंग नीट थंड करता येत नाही. त्याला वाऱ्याची, सावलीची जागा लागते.

म्हातारी मांजरे दुखणे लपवतात. माळ्यावर उडी मारणारे मांजर खालीच बसू लागले तर चढायला मधे एखादे खोके ठेवावे, आणि बाहेर पाऊस असताना शी-शूसाठी घरातच माती भरलेले, कमी काठाचे घमेले. उतारवयात त्यांची मूत्रपिंडे बिघडणे नेहमीचे असते. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी असावीत, खारवलेली सुकी मासळी देऊ नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्या-मांजरांना स्वतःहून कधीच देऊ नयेत; पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकते.