तहानेने मान टाकलेले झाड आणि पाण्याने मान टाकलेले झाड

कुंडीतले झाड मान टाकून उभे असते, पाने लोंबलेली असतात, बुंध्याजवळची चार-दोन पिवळी पडलेली असतात, आणि ते पाहणाऱ्याचा हात आपोआप तांब्याकडे जातो. हे झाड तहानेले असेल तर त्या तांब्याने ते संध्याकाळपर्यंत सावरते. पण अतिपाण्याने मुळे कुजून त्याची ही अवस्था झाली असेल, तर तोच तांब्या त्याचा शेवट करतो. दोन्ही झाडे वरून सारखी दिसतात, कारण दोन्हींच्या पानांपर्यंत पाणी पोचलेले नसते. एकाच्या मातीत ते नसते म्हणून, आणि दुसऱ्याच्या मातीत ते भरपूर असूनही मुळांना ओढून घेता येत नाही म्हणून.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडे पाणी आणि थोडी हवा असते, म्हणजे मातीला वाफसा असतो, तेव्हाच मुळे श्वास घेऊ शकतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर आपले काम चालवतात. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की प्राणवायूचा पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मग मुळांची कोवळी टोके आधी मरतात, मेलेल्या भागावर पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे मूळकूज करणारे जीव वाढतात, आणि कूज टोकाकडून बुंध्याकडे सरकू लागते. पानाला यातले काहीच कळत नाही. त्याला फक्त पाणी मिळेनासे होते आणि ते कोरड्या कुंडीतल्या पानासारखेच लोंबते.

म्हणून निदान पानावरून करू नये, ऋतू आणि माती यांच्यावरून करावे. बेळगाव जिल्ह्याच्या दोन टोकांना तर एकाच झाडाचे दोन वेगळे आजार होतात. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीपासून जांबोटीपर्यंतच्या खानापूर तालुक्याच्या पट्ट्यात पावसाळाभर घरातली हवाही ओलसर राहते, आणि तिथल्या पडवीत जुलैमध्ये मान टाकलेला मनी प्लांट बहुधा पाण्यानेच गेलेला असतो. दुसऱ्या, कोरड्या टोकाला अथणीच्या बाजूला एप्रिलमध्ये तेच दृश्य दिसले तर आधी कोरडेपणाचा संशय घ्यावा. सुमारे २५०० फूट उंचीवरचे बेळगाव शहर या दोहोंच्या मध्ये आहे. मार्चपासून मेपर्यंत इथे कुंड्या वाळतात, विशेषतः शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी खाली गेल्यावर नळाला पाणी येण्याच्या दिवसांत अंतर पडते तेव्हा, आणि जूननंतर आठवडे-आठवडे ऊन दिसत नाही तेव्हा त्याच कुंड्या बुडतात, कारण पाणी घालण्याची उन्हाळ्यातली सवय सुटलेली नसते.

ऋतूने संशय दिला की खात्री कुंडी उचलून करावी. कोरडी कुंडी हाताला चटकन हलकी लागते, तिची माती कडेपासून सुटून मध्ये आक्रसलेली असते आणि पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झालेल्या असतात. पाण्याने भरलेली कुंडी आकाराच्या मानाने जड लागते, पाने पिवळट आणि मऊ असतात, बुंधा बोटाने दाबला तर आत दबतो, मातीभोवती बारीक काळी चिलटे उडतात आणि नाक जवळ नेले तर साचलेल्या गटाराचा वास येतो. उदबत्ती जळून गेल्यावर उरणारी बांबूची काडी मातीत दोन-तीन इंच खोल खुपसून मिनिटभराने बाहेर काढावी; ती कोरडी आली तर तहान, ओली आणि चिखल लागलेली आली तर पाण्याचा साठा. दुपारच्या उन्हात लोंबलेले झाड रात्री पुन्हा ताठ होत असेल तर त्याला यांपैकी काहीच झालेले नाही, जागा तेवढी बदलावी. सकाळी सकाळीच मान टाकलेले झाड मात्र खरोखर आजारी असते.

दोन ठिकाणी ही परीक्षाही फसते. नर्सरीतून आलेल्या रोपाच्या मुळांभोवती बहुतेक वेळा चिकट तांबड्या मातीचा घट्ट गोळा असतो, आणि आपण तो तसाच कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेल्या मोठ्या कुंडीत ठेवतो. वरचे कोकोपीट ओले दिसत असताना आतला गोळा दगडासारखा वाळलेला असू शकतो, किंवा याच्या अगदी उलटही असू शकते, त्यामुळे काडी गोळ्यातच खुपसावी लागते. दुसरी फसवी जागा म्हणजे दिवाणखान्यातली शोभेची चिनी मातीची कुंडी. तिच्या बुडाला भोक नसते, आत नर्सरीची काळी प्लास्टिकची कुंडी ठेवलेली असते, आणि ती उचलून पाहिली तर तळाशी बोटभर काळपट पाणी साचलेले सापडते. वरची माती मात्र कोरडी दिसत असल्याने घरातले लोक रोज थोडे थोडे पाणी घालतच राहतात.

तहानेल्या झाडाचा उपचार सोपा आहे. पूर्ण वाळलेले कोकोपीट पाणी धरत नाही. वरून घातलेले पाणी कडेच्या फटीतून थेट खाली उतरते आणि ताटलीत आलेले पाहून आपल्याला वाटते की कुंडी भिजली. त्यामुळे पसरट टबात पाणी घेऊन त्यात कुंडी बुडाकडून अर्धा तास ठेवावी, मातीतून बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून निथळू द्यावी आणि दोन-चार दिवस थेट उन्हापासून दूर ठेवावी. खत या वेळी अजिबात घालू नये, कारण अशक्त मुळांभोवती क्षार वाढले की उरलेले पाणीही त्यांना घेता येत नाही.

कुजलेल्या झाडाला धीटपणा लागतो, आणि नेमका तिथेच लोकांचा हात अडखळतो. नुसते पाणी बंद करून वाट पाहणे पुरेसे होत नाही; झाड कुंडीतून बाहेर काढून जुनी माती झाडून मुळे धुऊन पाहावी लागतात. निरोगी मूळ पांढरे किंवा फिकट आणि टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी-काळे असते, आणि चिमटीत धरून ओढले तर त्याची साल मोज्यासारखी निघून येते व आतला दोरा तेवढा हातात राहतो. अशी सगळी मुळे स्वच्छ कात्रीने टणक भागापर्यंत कापावीत, प्रत्येक झाडानंतर कात्री पुसून घ्यावी, आणि मुळे जितकी गेली त्या प्रमाणात वरची पानेही कमी करावीत. नवी कुंडी आधीपेक्षा लहान घ्यावी. खानापूरच्या कुंभारकामातली साधी भाजलेल्या मातीची कुंडी यासाठी प्लास्टिकपेक्षा बरी, कारण तिच्या अंगातूनही ओल बाहेर पडते. वडगाव-येळ्ळूरच्या शिवारातली काळी माती भाताला कितीही मानवत असली तरी कुंडीत ती पाणी धरून फुगते आणि वाळली की भेगाळते; तिच्याऐवजी तांबडी माती, जाड वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात घ्यावे.

कुंडीच्या तळाला खडीचा थर दिला की पाणी निचरते, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. वास्तविक बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वर अडून राहते, म्हणजे ओलीची पातळी मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर कौलाचा एक तुकडा उपडा ठेवला तर पुरे. तो माती अडवतो आणि पाण्याला वाट देतो.

मुळे फारच कमी उरली असतील तर झाड वाचवण्याच्या बरोबरीने त्याचा एक तुकडाही रुजायला लावून ठेवावा. मनी प्लांटची एक पेर पाण्यात बुडेल अशी ठेवली की तिला मुळे फुटतात. स्नेक प्लांटचे पान कापून मातीत खोचले तर तेही रुजते, पण त्याला महिने लागतात, आणि पिवळ्या काठाच्या जातीचे नवे रोप साध्या हिरव्या पानांचे येते. पिवळा काठ हवा असेल तर गड्ड्याचाच भाग तोडून लावावा लागतो.

पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीसाठी गेलेल्यांची बंद घरे बेळगावात गल्लोगल्ली आहेत, आणि किल्ली असलेल्या शेजारच्या काकू मायेने रोज पाणी घालतात, त्यामुळे अशा घरांतली झाडे वाळण्यापेक्षा कुजतातच जास्त. काकूंना दिवस ठरवून देण्यापेक्षा मातीत खुपसलेली बांबूची काडी ओली आली तर पाणी घालू नका, एवढेच सांगावे. शंका उरलीच तर पाणी न घालण्याच्या बाजूने निर्णय घ्यावा, कारण तहानेले झाड आणखी एक दिवस तग धरते, पण कुजणाऱ्या मुळांवर पडलेले पाणी परत काढता येत नाही.

पिवळी पडलेली पाने पुन्हा हिरवी होत नाहीत, म्हणून सुधारणा त्यांच्यात शोधू नये, शेंड्याकडे पाहावे. तहानेले झाड काही तासांत ताठ होते. कुजीतून वाचलेल्याला नवे पान काढायला कित्येक आठवडे लागू शकतात, आणि ते पान पूर्ण उलगडेपर्यंत गांडूळखताची चिमूटही मातीत घालू नये.