राणी लक्ष्मीबाई समाधी, ग्वाल्हेर

झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांच्या दहनस्थानी उभारलेले स्मारक. मध्य प्रदेशातील ग्वाल्हेर शहरात फुलबागेलगत, रेल्वे स्थानक आणि लष्कर नावाची वस्ती यांच्या दरम्यान ते आहे. मूळ समाधीचा साधा चौथरा आणि त्याच्याजवळ उंच बैठकीवर राणीचा अश्वारूढ पुतळा, एवढाच त्याचा मुख्य ऐवज. जून १८५८ मध्ये याच परिसरात इंग्रजांच्या हुसार म्हणवल्या जाणाऱ्या हलक्या घोडदळाशी झालेल्या चकमकीत राणीला वीरमरण आले.

झाशी पडल्यावर कोंच आणि काल्पी येथेही माघार घ्यावी लागली. त्यानंतर रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी यांनी ग्वाल्हेरकडे मोर्चा वळवला. १ जून १८५८ रोजी शहरालगतच्या मुरारजवळ ग्वाल्हेरचे राजे जयाजीराव शिंदे त्यांना अडवायला आले, पण त्यांचे बहुतेक सैन्य लढण्याऐवजी पेशव्यांच्या जरीपटक्याला जाऊन मिळाले. जयाजीराव आग्र्याला निघून गेले. किल्ला, तोफा आणि खजिना आयता हाती आला. पुढचे पंधरा दिवस दरबार आणि दानधर्मात गेले, अशी तक्रार मराठी चरित्रकार आजही करतात, आणि ती अगदीच निराधार नाही. १६ जूनला इंग्रज सेनापती सर ह्यू रोझने मुरार घेतले. दुसऱ्या बाजूने ब्रिगेडियर स्मिथची तुकडी ग्वाल्हेरच्या आग्नेयेस असलेल्या कोटा की सराय येथे येऊन ठेपली.

१७ जूनची लढाई मुख्यतः घोडदळाची होती. सरायेजवळच्या टेकड्या ओलांडल्यावर आठव्या हुसार रेजिमेंटच्या एका स्क्वाड्रनने हल्ला चढवला. किल्ल्यावरून आणि शहराकडून तोफा धडाडत असताना हे स्वार थेट छावणीत घुसले, तोफखान्याच्या दोन जागांपर्यंत पोहोचले आणि दोन तोफा ओढून घेऊन परतले. ऊन असे की परतलेल्यांना खोगिरावर धड बसवत नव्हते. चार वर्षांपूर्वी क्रिमियाच्या युद्धात बॅलाक्लाव्हाच्या गाजलेल्या हल्ल्यात याच रेजिमेंटचे स्वार दौडले होते. ग्वाल्हेरच्या या एका धडकेसाठी चार व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आले. ते कोणाला द्यायचे हे वरिष्ठांनी ठरवले नाही, तर स्क्वाड्रनमधल्या सोबत्यांनीच निवड केली : कॅप्टन हेनेज, सार्जंट वॉर्ड, नालबंद हॉलिस आणि शिपाई पिअर्सन. घोड्यांना नाल ठोकणाऱ्याला सर्वोच्च शौर्यपदक मिळाल्याचा हा प्रसंग लक्ष्मीबाईंच्या मराठी चरित्रांत सहसा येत नाही. खरे तर तो यायला हवा, कारण समोरचा शत्रू किती तयारीचा होता ते त्यातून कळते.

राणी नेमकी कशी पडली, याच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. तिच्या अंगावर पुरुषी लष्करी वेष होता आणि कोणाला मारले हे मारणाऱ्या हुसार स्वाराला कळलेच नाही, यावर मात्र बहुतेकांचे एकमत आहे. गव्हर्नर जनरल कॅनिंग यांच्या कागदपत्रांतल्या टिपणानुसार तिला पाठीत गोळी लागली, घोडा अडला, तिने वळून त्या स्वारावर गोळी झाडली आणि त्याने तलवार चालवली. मरताना तिने अंगावरचे दागिने सैनिकांत वाटले आणि आंब्याच्या झाडाखाली प्राण सोडला, असेही त्यात आहे. या दागिन्यांत शिंद्यांच्या खजिन्यातला मोत्यांचा कंठा होता. ग्वाल्हेरची लोककथा स्वर्णरेखा नाल्याशी येऊन थांबते : घोडा नवा होता, नाला पाहून बिचकला आणि उडी मारीना. म्हणजे घोडा अडल्याची गोष्ट शत्रूच्या टिपणातही आहे आणि गावच्या तोंडीही. एवढ्या गोंधळात दोन्हीकडे टिकून राहिलेला हा एकच तपशील असल्याने तो खरा मानायला हरकत नसावी. तो नाला आज सिमेंटच्या काठांमधून शहरभर वाहतो. त्याच्याकडे पाहून उडीची कल्पना करणे अवघड आहे.

मृत्यूच्या तारखेचाही घोळ आहे. इंग्रजी लष्करी नोंदी १७ जून सांगतात, तर भारतात १८ जून हा बलिदानदिन म्हणून रूढ आहे. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रावर १७ तारीख स्पष्ट आहे. राणी त्याच हल्ल्यात पडली असेल, तर तीच तारीख जास्त सयुक्तिक ठरते.

दहनाची जागा बाबा गंगादासांच्या मठाची. त्याला ‘गंगादास की बडी शाला’ म्हणतात. देह शत्रूच्या हाती लागू नये म्हणून मठातल्याच लाकडागवतावर घाईघाईने चिता रचली आणि तोवर साधूंनी इंग्रजांना थोपवून धरले, अशी परंपरा आहे. त्यात ७४५ साधू कामी आले, असे मठाकडून सांगितले जाते.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसासाठी ही समाधी सोपी जागा नाही. शहर शिंद्यांचे, लष्कर ही वस्तीच दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेली, आणि इथली अनेक मराठी घराणी दरबाराच्या चाकरीवर उभी राहिलेली. राणीने ज्यांना गादीवरून पळवले, त्यांच्याच राजधानीत तिची समाधी आहे. इंग्रजांनी जयाजीरावांना परत गादीवर बसवले, पण किल्ला स्वतःकडेच ठेवला. १८६१ मध्ये झाशी शहर शिंद्यांना देण्यात आले आणि १८८६ मध्ये ते परत घेऊन बदल्यात ग्वाल्हेरचा किल्ला सोडण्यात आला. ‘मेरी झाँसी नहीं दूँगी’ हे वाक्य ज्या गावाशी जोडले गेले, ते गाव असे पंचवीस वर्षे ग्वाल्हेर दरबाराकडे होते.

तरीही मराठीत या जागेला सगळ्यात मोठे स्थान मिळवून दिले ते ग्वाल्हेर दरबाराच्याच राजकवीने. भा. रा. तांबे यांची राणीवरची कविता हिंदबांधवाला याच स्थळी थांबायला सांगते, आणि महाराष्ट्रातल्या कित्येकांना ग्वाल्हेरची समाधी प्रत्यक्ष पाहण्याआधी त्या कवितेतूनच भेटलेली असते. राणीचे माहेरचे आडनावही तांबेच.

पुतळ्यात घोडा पुढचे पाय उचलून उभा आहे आणि राणीने तलवार उगारली आहे. दोन्ही पाय हवेत म्हणजे स्वार रणात पडला, एक पाय वर म्हणजे जखमी झाला, असा संकेत पर्यटकांना हमखास ऐकवला जातो. शिल्पकलेत असा कोणताही नियम नाही. इथे तो योगायोगाने जुळतो, इतकेच. एक गंमत मात्र आहे : जो घोडा अडला म्हणून राणी गेली, तोच इथे उसळी घेताना दाखवला आहे.

दरवर्षी १७-१८ जूनला समाधीपाशी बलिदान मेळा भरतो. राणीचे नाव शहरात इतरत्रही दिसते. इथली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १८५७ च्या शताब्दी वर्षी, १७ ऑगस्ट १९५७ रोजी सुरू झाली, आणि जुन्या व्हिक्टोरिया कॉलेजला आता महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव आहे.

राणीचा दत्तक पुत्र दामोदरराव त्या वेळी आठ वर्षांचा होता. लढाईनंतर राणीच्या विश्वासू माणसांबरोबर तो जंगलात भटकत राहिला. पुढे इंग्रजांनी तनखा ठरवून त्याला इंदूरला ठेवले. १९०६ मध्ये तिथेच त्याचे निधन झाले.